चौदा नंबरचा ठसा

बॅलरॅट रोडच्या सिग्नलला सालवू बुहाजिआरनं गाडी थांबवली, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला, खिडकीला अगदी खेटून, खडी वाहणारा एक ट्रक उभा राहिला. ट्रक दोन हात पुढे सरकला आणि ट्रकला मागचा ट्रेलर जोडणारा लोखंडी दांडा नेमका सालवूच्या डोळ्यांसमोर आला. दांड्यावर रंगाचे तीन-चार थर होते, त्यावर वंगण, त्यावर धूळ. पण वेल्डिंग जिथं संपत होतं तिथं, नखाएवढे दोन आकडे लोखंडात ठोकलेले दिसत होते. एक आणि चार. सालवूनं काच खाली केली. हात बाहेर काढून ते आकडे चाचपावेत असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी हात आखडला, जणू लोखंड अजून गरमच असावं. ट्रक निघून गेला. समोर मोकळा रस्ता होता, पण आता कोणता पाय दाबायचा हेच त्याला आठवेना.

“ओ आजोबा!” मागच्या छोट्या गाडीतून एका पोरीनं डोकं बाहेर काढलं. “यापेक्षा हिरवा नाही व्हायचा तो!”

त्यानं गाडी हलवली, पण पुढच्या पेट्रोल पंपाशी वळवून उभी केली. कदाचित चौदा नसेलही. अकरा असेल, किंवा नुसताच गंज. वय एकाहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. असा माणूस लोखंडावर काय वाचणार? जे वाचायचं नाही तेच नेमकं वाचणार. शेजारच्या सीटवर तपकिरी पाकीट पडलं होतं. आठ दिवस ते फ्रिजवर होतं आणि आठही दिवस दूध काढताना त्यानं तिकडं पाहायचं टाळलं होतं. आज सकाळी त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की जायचं, सही करायची, आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. एवढं सोपं होतं सगळं. सिग्नलपर्यंत तरी होतं.

लॅमरॉक ट्रेलर्समध्ये नव्या वेल्डरला पहिल्या दिवशी स्टोअरमधून तीन वस्तू मिळत. काळ्या काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे, आणि बोटाएवढा पोलादी ठसा. सांधा जोडून झाला की शेजारी ठसा धरायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा. मग तो ट्रेलर गहू घेऊन वाळवंटाच्या कडेला जावो की मेंढ्या घेऊन बंदरावर, सांधा कुणाचा ते लोखंडच सांगणार. सालवूला सत्तावीस नंबर मिळाला. माल्टाहून बोटीनं आलेला अठरा वर्षांचा पोरगा. त्याचं आडनाव त्या शेडमध्ये कुणाच्या जिभेवर बसेना, नावाचेही दोन तुकडे करून त्यांनी अर्धाच ठेवला, साल. ठसा तेवढा अख्खा राहिला. शेजारच्या टेबलावर मर्व्ह टँक्रेड काम करायचा. उंच, हडकुळा, कानामागे कायम एक विझलेली सिगरेट. त्याचा नंबर चौदा. “सत्तावीस म्हणजे जवळजवळ दुप्पट,” मर्व्ह पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “म्हणजे माझ्या निम्म्या कामात तुझं भागेल. बस, चहा घे.” सालवू डावखुरा होता. सगळ्यांच्या वेल्डिंगवर थिजलेल्या लोखंडाच्या बारीक लाटा एका अंगाला झुकायच्या, त्याच्या दुसऱ्या. मर्व्ह त्यावरून चिडवायचा. “हा बघा, आरशात बघून काम करतो.” वेल्डर दुसऱ्याचं काम ओळखतो ते असं. अक्षर ओळखावं, चालणं ओळखावं, अंधारात खोकला ओळखावा, तसं.

पाकिटात पुस्तकाची पानं होती. कंपनीला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि त्याच वर्षी ती परदेशी मालकाला विकली गेली होती. जूनमध्ये शेडला कुलूप लागणार होतं. जाता जाता एक इतिहास काढायचा, जुन्या माणसांना एकेक प्रत द्यायची, असं नातू लॅमरॉकनं, म्हणजे ग्रँटनं ठरवलं. लिहायला इमोजेन नावाची मुलगी नेमली. ती दोनदा सालवूच्या घरी येऊन गेली होती, पास्तित्सी, चीजच्या माल्टीज करंज्या, खाऊन बोटं चाटत होती, आणि सगळं कसं टिपून घेत होती! पानांत ते सगळं आलं होतं. आल्बर्ट लॅमरॉक हा गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारा लोहार. त्यानं चौतीस साली मोडक्या फोर्डचा आस काढून गवत वाहायला पहिला ट्रेलर बांधला. मग लढाई, आणि लष्करासाठी रात्रंदिवस पाण्याच्या टाक्या. मग मुलगा क्लाइव्ह, त्यानं सनशाइन उपनगरात लांबच लांब शेड उभी केली, आणि बोटींमागून बोटी भरून माणसं आली, माल्टाची, हॉलंडची, युगोस्लाव्हियाची. मग गव्हाचे टिपर, मग अॅल्युमिनियम, मग जर्मनीहून आलेला, एकही सुट्टी न घेणारा यंत्राचा हात. सालवूनं हे सगळं आवडीनं वाचलं. आपलं आयुष्य दुसऱ्याच्या शब्दांत इतकं सरळ दिसतं याचं त्याला नवल वाटलं. मग एक्केचाळिसावं पान आलं. ‘फेब्रुवारी १९७२ मध्ये पेंटलंड हिल्सच्या उतारावर ट्रेलर सुटून नोरीन हॅसेट या एकतीस वर्षांच्या परिचारिकेचा मृत्यू झाला. चौकशीत वेल्डर मर्व्ह टँक्रेड याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला. त्यानंतर कंपनीनं तपासणीची पद्धत आमूलाग्र बदलली.’ तीन वाक्यं. खाली पेन्सिलीनं इमोजेनचं बारीक अक्षर: ‘त्या शेडमधले तुम्ही एकटेच राहिलात. मजकूर बरोबर आहे अशी शेवटच्या पानावर सही हवी. आणि एक छान बातमी, मर्व्हच्या मुलीनं, ग्लेनिसनं, तीन प्रती मागवल्या आहेत, तिन्ही मुलांसाठी.’

तीन प्रती. पेट्रोल पंपावर बसून सालवूच्या डोळ्यांपुढे ती तीन पुस्तकं तीन घरांतल्या तीन फळ्यांवर उभी राहिली. आजपर्यंत जे होतं ते बोलण्यात होतं, आणि बोलणारे एकेक करून मरत होते. ते सगळे मेले की बोलणंही मरेल असा एक हिशेब त्यानं, स्वतःलाही न सांगता, मांडून ठेवला होता. छापलेलं मरत नाही.

एकाहत्तर सालच्या नाताळाआधीचा तो शुक्रवार. शेडमध्ये एक रीत होती, कुठल्या नियमात न लिहिलेली, पण नियमाहून पक्की. आठवड्याचे ट्रेलर पुरे झाले की सगळ्यांना सुट्टी, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. म्हणून कुणाला लवकर जायचं असलं की त्याचं उरलेलं काम शेजारी करायचा आणि त्याचाच ठसा मारायचा. नाहीतर तपासनिसाच्या वहीत तो माणूस गैरहजर दिसायचा. सगळे करायचे. फोरमनला ठाऊक होतं, म्हाताऱ्या क्लाइव्हलाही ठाऊक असणार. त्या दिवशी मर्व्हला रोजबडच्या किनाऱ्यावर तंबूची जागा धरायची होती. “साल, एकच दांडा राहिलाय गड्या. संध्याकाळी पोचलो तर संडासाशेजारची जागा मिळते. बायको माझाच तंबू करील.” ठसा टेबलावर ठेवून तो गेला. तिकडचा नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो; बाहेर पारा चाळीसच्या वर होता, पत्र्याखाली त्याहून जास्त. इतक्या जाड लोखंडाला वेल्ड करण्याआधी गॅसच्या ज्योतीनं दहा-पंधरा मिनिटं नीट तापवून घ्यावं लागतं; थंड लोखंडावर घाईनं ओतलेला सांधा वरून झकास दिसतो आणि आतल्या आत चिरत जातो. हे सालवूला पोरवयापासून पाठ होतं. त्यानं लोखंडाला हात लावून पाहिला. चटका बसला. तापलंच आहे की, त्याला वाटलं. माणसाच्या कातडीला जे गरम, ते लोखंडाला गार. हेही त्याला पाठ होतं. पण बाहेर बारा माणसं बिअरची पेटी घेऊन उभी होती, शेवटचा सांधा कधी होतो याची वाट पाहत. “ए माल्टा, नाताळ यंदाच आहे बरं का!” कुणीतरी ओरडलं. त्यानं मुखवटा खाली ओढला. सांधा सुरेख आला. इतका सुरेख, की त्यावर चौदाचा ठसा मारताना त्याला क्षणभर हेवा वाटला. हे चांगलं काम मर्व्हच्या नावावर जाणार याचा. ही गोष्ट त्यानं पुढं कुणालाच सांगितली नाही. बाकीचं निदान एकदा पाद्रीबाबाला सांगितलं होतं.

फेब्रुवारीत तो दांडा तुटला. मार्चमध्ये क्लाइव्ह लॅमरॉकनं तुटका तुकडा जेवणाच्या खोलीत आणवला आणि टेबलावर, मीठ-मिरीच्या डब्या बाजूला सारून, ठेवला. तपासनीस, विम्याचा माणूस, फोरमन, आणि भिंतीला टेकून सगळी शेड. सालवू दाराजवळ उभा होता. तिथूनही त्याला लाटा दिसत होत्या. उलट्या अंगाला झुकलेल्या. ‘आरशातल्या’. मर्व्ह पुढे झाला, वाकला. त्यानं कानामागची सिगरेट काढली, बोटांत फिरवली, परत ठेवली. किती वेळ तो पाहत होता? सालवूनं पुढं सदतीस वर्षं तो वेळ मोजला होता. कधी तो अर्ध्या मिनिटाचा होई, कधी एखादी झोप न आलेली रात्र अख्खीच्या अख्खी त्यात मावे. मर्व्हनं मान वर केली. सालवूकडे पाहिलं नाही. दुसऱ्या कुणीही सालवूकडे पाहिलं नाही, आणि इतकी माणसं एका माणसाकडे न पाहायची इतकी काळजी घेतात तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. “नंबर माझा आहे,” मर्व्ह म्हणाला. “काम तुझं आहे का?” विम्याच्या माणसानं विचारलं. “नंबर माझा आहे,” मर्व्ह परत म्हणाला. सोबत्याचं नाव साहेबापुढे घ्यायचं नाही, ही त्या शेडची दुसरी रीत, पहिलीहून जुनी. आता मर्व्हला बोलता येणार नव्हतं. आता बोलायचं ते सालवूनंच. त्यानं तोंड उघडलंही होतं. जिभेवर शब्द होता, पण तो माल्टीजमध्ये होता; इंग्रजीत त्याला काय म्हणतात हे शोधेपर्यंत फोरमननं वही मिटली. निदान असं तो स्वतःला पुढं कैक वर्षं सांगत आला. घरी चार लेकरं, बायको जूझा पाचव्या वेळची गरोदर, असंही सांगत आला. तेही खरंच होतं. खऱ्या गोष्टींचा ढीग घालूनसुद्धा एखादी गोष्ट झाकली जात नाही, हे कळायला वेळ लागतो.

मर्व्हला काढलं. नंतर कुठल्याच शेडनं त्याच्या हातात वेल्डिंगचा चिमटा दिला नाही. तो वेरिबीच्या कत्तलखान्यात फरशा धुवायला लागला. पाद्रीबाबानं सालवूला प्रायश्चित्त म्हणून दहा प्रार्थना सांगितल्या. त्या त्यानं सनशाइन ते सेंट ऑल्बन्सच्या बसमध्ये म्हणून टाकल्या, आणि तीन थांबे आधीच त्या संपल्या, एवढ्या थोड्या. बढत्या येत गेल्या. नव्या तपासणीच्या पद्धतीचा प्रमुख म्हणून क्लाइव्हनं त्यालाच नेमलं. जाड लोखंड तापवल्याशिवाय सांधा घातलेला दिसला की तो माणसाला कारखान्याच्या फाटकापर्यंत शिव्या देत न्यायचा. “बुहाजिआर सैतान आहे,” पोरं म्हणायची, “पण त्याच्या हाताखालचा ट्रेलर तुटत नाही.” एकदा, शहाऐंशी-सत्त्याऐंशीत, फुट्सक्रेच्या बाजारात मासळीच्या गाळ्यापाशी मर्व्ह समोर आला. केस सगळे गेलेले, हातात एकच छोटी पिशवी. “साल!” त्यालाच खरा आनंद झाला होता. “पाच झाली ना रे शेवटी? सगळी बरी आहेत?”

“बरी आहेत. थोरला शिक्षक झाला.”

“शिक्षक! तुझ्या घरात!” मर्व्ह हसला. “उजव्या हातानं लिहितो की नाही?”

सालवूही हसला. आता, त्याला वाटलं, आता. गाळेवाल्यानं बर्फावर पाणी ओतलं, पायांत ओघळ आला, दोघंही मागे सरले. “बरं, भेटू,” मर्व्ह म्हणाला. दोन वर्षांनी तो गेला. सालवू चर्चमधल्या अंत्यविधीला गेला होता, शेवटच्या बाकावर. काळ्या कपड्यातली एक बाई रडता रडता कुणाला तरी सांगत होती, “पा वाईट नव्हते हो. एका चुकीनं माणूस वाईट होत नाही ना?” ती ग्लेनिस, मर्व्हची मुलगी.

पंपावरच्या माणसानं काचेवर टकटक केली. “पेट्रोल भरणार, का पंपच विकत घेणार?” सालवू निघाला.

ऑफिसात ग्रँटनं उठून हात मिळवला, खुर्ची ओढून दिली. चाळिशीचा, पांढऱ्या शर्टातला माणूस. आजोबा लोहार, बाप शेडचा मालक, आणि हा कागदांचा. हाताला कुठं भाजल्याची खूण नाही. इमोजेननं चहा आणला. सालवूनं चहाला हात लावला नाही. एक्केचाळिसावं पान काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. मनात सदतीस वर्षं रचलेली लांबलचक गोष्ट बाहेर आली तेव्हा ती तीन-चार मिनिटांतच संपली. “तो सांधा मर्व्हचा नाही. माझा आहे. मी लोखंड तापवलं नाही आणि त्याचा ठसा मारला. त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.”

इमोजेनचं पेन हवेतच राहिलं. ग्रँट खिडकीकडे गेला, परत आला. “साल,” तो हळू आवाजात म्हणाला, “हे सांगायला हिंमत लागते. खरंच. पण विक्रीचे कागद पुढच्या महिन्यात होतायत. असल्या गोष्टी वकिलाच्या हातात पडल्या की कुठं जातील सांगता येत नाही. तुझंही काय होईल, देव जाणे.”

“माझं जाऊ दे कुठं जायचं तिथं.”

“ऐक तर. आपण तो उताराच काढून टाकू. अख्खा. मर्व्हचं नाव नको, दोष नको, काहीच नको. ग्लेनिसला स्वच्छ पुस्तक मिळेल. तुला हेच हवं ना?”

सालवूनं एक्केचाळिसाव्या पानाकडे पाहिलं. हेच हवं होतं का? इमोजेननं, मान खाली घालून, तीन वाक्यांवर रेघ ओढली. त्यांच्याबरोबर नोरीन हॅसेट गेली. त्या बाईला सालवूनं कधी पाहिलं नव्हतं, पण तिचं नाव तो जेवणाआधीच्या प्रार्थनेत, जूझाच्या नावाआधी, मनात घेत असे. आता ती पेंटलंड हिल्सच्या उतारावरून कधी गेलीच नव्हती. आणि मर्व्ह? ग्लेनिसला लहानपणापासून जे ठाऊक होतं ते तिला ठाऊकच राहणार होतं. पुस्तक गप्प, म्हणजे जुनं बोलणंच खरं.

“पानावर जागा उरतेय,” ग्रँट म्हणाला. “तो सत्तर सालचा फोटो मोठा करता येईल. शेडच्या माणसांचा.” त्यानं फोटो पुढे सरकवला. हजाराव्या ट्रेलरपुढे अकरा माणसं, बाह्या वर सारलेल्या. त्यांत तिशीतला सालवू, दात काढून हसणारा. आपण आज कबुली द्यायला आलो आणि आपलाच चेहरा मोठा करून छापला जाणार, हे त्याला हळूहळू समजत गेलं.

“नावं तेवढी सांगाल?” इमोजेन म्हणाली. “डावीकडून. तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत.”

त्यानं डावं बोट पहिल्या चेहऱ्यावर ठेवलं. योप डायक्स्त्रा. इव्हो पेरकोविच. मग स्टॅन हेगर्टी. मग तो स्वतः. बोट पुढं सरकलं आणि थांबलं.

“हा मर्व्ह टँक्रेड. लिही, बाहत्तरच्या अपघाताचा ठपका याच्यावर आला, काम सालवू बुहाजिआरचं होतं.”

“फोटोखाली नावं असतात, साल,” ग्रँट म्हणाला. “कहाण्या नसतात.”

“मग पुढची नावं तू सांग. मर्व्हच्या शेजारचा हा कोण? तुझ्या बापाला बुडताना तलावातून ओढून काढणारा माणूस आहे हा. सांग.”

ग्रँटनं फोटोकडे पाहिलं. “नावांशिवायही छापता येईल,” तो म्हणाला, आणि हे तो रागानं नव्हे, थकून म्हणाला. बोटाच्या उजवीकडे सहा माणसं उभी होती. सालवूनं त्यांच्याकडे एकेकदा पाहिलं. त्यांचा काही अपराध नव्हता. म्हणजे, दाराकडे न पाहण्याइतकाच होता.

“छाप,” तो म्हणाला. “माझी सही मिळणार नाही.” मग इमोजेनकडे वळला. “पोरी, ग्लेनिसचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव.”

“आत्ता? इथून?”

“घरी गेलो तर नाही लावायचो मी.”

ग्रँट काहीतरी म्हणाला. इमोजेननं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं वही उघडली, टेबलावरचा फोन ओढला, आकडे दाबले आणि रिसीव्हर सालवूच्या उजव्या हातात दिला. डावा हात फोटोवरच होता. पलीकडे घंटा वाजत राहिली, इतका वेळ, की त्याला सुटका झाल्यासारखं वाटू लागलं, आणि त्या वाटण्याची त्याला फार जुनी ओळख होती. मग कुणीतरी उचललं. मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती.

“ग्लेनिस, मी साल बुहाजिआर.”

“सालकाका!” नळ बंद झाला. “अहो, किती वर्षांनी! पा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे. पुस्तकात त्यांचा फोटो आहे म्हणे? धाकटीला मी सांगितलंय, आजोबांचा एकतरी चांगला फोटो मिळेल आता. तुम्ही येणार ना त्या समारंभाला? काका? ऐकू येतंय का?”

“येतंय,” सालवू म्हणाला. “हात पूस, बाळ. आणि खाली बस.”